डोंगर एक, जिल्हे दोन : पाटणादेवी आणि गौताळा

चाळीसगावहून नैर्ऋत्येला अठरा-एक किलोमीटर गेलं की शेतं मागे पडतात आणि रस्ता थेट डोंगराच्या पायथ्याशी जाऊन भिडतो. तीन बाजूंनी काळे कडे, मधून वाहणारी डोंगरी नदी, नदीपलीकडे चंडिकादेवीचं मंदिर आणि सभोवार झाडी. खान्देशात या जागेला पाटणादेवी म्हणतात. खान्देशातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. आश्विनातल्या नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि श्रावणात सहलीला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. एरवी मात्र माकडं, मोर आणि नदीचा आवाज एवढंच असतं.

हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्रफळ २६०.६१ चौरस किलोमीटर. त्यातला मोठा भाग डोंगरमाथ्यावर, कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतो, आणि साधारण चौथा हिस्सा पायथ्याच्या बाजूला, जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात. वरचा भाग मराठवाडा, खालचा खान्देश. जंगल वनखात्याचं, लेणी आणि जुनी मंदिरं पुरातत्त्व खात्याची, घाट महामार्गवाल्यांचा. येणारा माणूसही तसाच वाटला गेला आहे. कोणी देवदर्शनाला येतो, कोणी धबधब्याखाली भिजायला, कोणी वरच्या बाजूने पितळखोरा बघून परत जातो. पण डोंगर एकच आहे, आणि इथली प्रत्येक गोष्ट त्या डोंगरामुळे झाली आहे. एकीचा अर्थ दुसरीशिवाय लागत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि या प्रकरणात या जागेकडे त्याच नजरेने बघू.

सुरुवात डोंगरापासूनच करावी लागेल. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बेसॉल्टने बनला, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. नद्यांनी तो पुढे कापला, आणि तापीच्या खोऱ्याची दक्षिण कड म्हणून पूर्व-पश्चिम पसरलेली एक रांग उरली. हीच सातमाळा-अजिंठ्याची रांग. तिची दोन अंगं अगदी वेगळी आहेत. दक्षिणेकडून, म्हणजे कन्नडच्या बाजूने आलात तर डोंगर चढल्याचं फारसं कळतही नाही, जमीन हळूहळू उंच होत जाते. उत्तरेकडे मात्र ती एकदम तुटते आणि खाली खान्देशाचं मैदान पसरलेलं दिसतं. ही कड म्हणजे पाणलोटाची रेघ आहे. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. उत्तरेला पडलेला पाऊस डोंगरी, तितूर, गिरणा, तापी असं करत सुरतेजवळ अरबी समुद्र गाठतो. माथ्यावर दोन थेंब हातभर अंतरावर पडले तरी त्यांचे समुद्र वेगळे असू शकतात.

कड तुटलेली असल्यामुळे पावसाळ्यात माथ्यावरचं पाणी सरळ खाली कोसळतं. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे पाटणादेवीचे दोन प्रसिद्ध धबधबे असेच झाले. केदारकुंडाकडे जाणारी वाट ओढ्याच्या अंगाने जाते आणि पुढे खडकांवरून चालावं लागतं. जोराचा पाऊस चालू असताना तिकडे जाऊ नये. वरच्या पठारावर पडलेला पाऊस खाली पोहोचायला वेळ लागत नाही, आणि खाली ऊन असतानाही ओढा अचानक फुगू शकतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगरावर अतिवृष्टी झाली. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, डोंगरी आणि तितूर या दोन्ही नद्यांना पूर आला, आणि त्या जिथे एकत्र येतात त्या चाळीसगाव शहरात पाणी शिरलं. चाळीसगावच्या माणसाला हा डोंगर लांब कुठेतरी दिसणारी निळी रेघ वाटत असेल, पण शहराचं पाणी वरच ठरतं.

आता जंगलाबद्दल. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्याची हमखास निराशा होते. ‘जंगल कुठे आहे? सगळं वाळलंय,’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. कोकणातलं किंवा महाबळेश्वरचं हिरवं रान मनात धरून आलं की असं होतं. हे शुष्क पानगळीचं जंगल आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, असं इथलं गणित. पानांतून सतत पाणी उडत असतं, आणि जमिनीत पाणी नसताना पानं टिकवणं झाडाला परवडत नाही. म्हणून ती झडतात. ते झाड मेलेलं नसतं, त्याने खर्च थांबवलेला असतो. साग, खैर, धावडा, टेंभुर्णी, पळस, आपटा ही इथली नेहमीची मंडळी. उतारावरच्या खडकाळ जागी सालई उभी असते. तिची साल कागदासारखी सुटते आणि तिच्या डिंकाचा धूप होतो. कांडोळाचं खोड पांढरंफटक, आणि पानं गेल्यावर डोंगरउतारावर दुरूनही ते ओळखू येतं.

पण खान्देशचं खास झाड म्हणाल तर अंजन. मुरमाड, खडकाळ, इतर झाडं नाकारतात अशा जमिनीत ते वाढतं. मूळ खोल जातं, खडकातल्या भेगांमधून वाट काढतं. लाकूड इतकं जड आणि टणक की आपल्या देशातल्या सर्वांत वजनदार लाकडांत त्याची गणना होते. पान आपट्यासारखं जोडीचं, पण लहान. पालवी फुटते तेव्हा ती तांबूस असते, आणि बाकीचं रान अजून करडं असताना अंजनाचं झाड उन्हात तांब्यासारखं चमकतं. गुरांना त्याचा पाला आवडतो, त्यामुळे दुष्काळात गावांनी अंजनाच्या फांद्यांवर गुरं जगवली आहेत. ज्या वर्षी चारा नव्हता त्या वर्षी हे झाड होतं, आणि खान्देशातल्या जुन्या शेतकऱ्याच्या बोलण्यात त्याच्याबद्दल जो आदर असतो तो यामुळेच.

कोरड्या जंगलाला कमी लेखण्याची आपली सवय किती महाग पडू शकते, याचं उदाहरण खान्देशातच घडलं आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात त्याचे काही नमुने गोळा केले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं तो पक्षी कोणालाच खात्रीने दिसला नाही आणि तो नामशेष झाला असं बहुतेकांनी धरून चाललं. मधल्या काळातला एक नमुना संग्रहालयात होता, पण तो चोरून, तपशील बदलून ठेवलेला आहे हे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी उघड केलं. मग जुन्या, खऱ्या नमुन्यांवरच्या जागा धरून त्या आणि त्यांचे सहकारी शोधाला निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. ज्या रानाला लोक ‘वाळलेलं’ म्हणत होते त्यातच तो सगळा काळ राहत होता. पुढे तो सातपुड्यात इतरत्रही सापडला. गौताळ्याची गोष्ट रानपिंगळ्याची नाही, पण जंगल त्याच जातीचं आहे.

या डोंगराकडे माणसं आली ती मात्र झाडांसाठी नाही, वाटेसाठी. गोदावरीच्या काठच्या पैठणहून उत्तरेकडे, तापी-नर्मदा ओलांडून उज्जैनकडे किंवा भडोच बंदराकडे जायचं तर ही कड कुठेतरी उतरावीच लागते. जिथे उतरायला वाट आहे आणि जवळ पाणी आहे, तिथे मुक्काम होतो. मुक्काम होतो तिथे भिक्षूंना भिक्षा मिळते आणि श्रीमंत व्यापाऱ्याला दान करायची इच्छा होते. पितळखोऱ्याची चौदा लेणी अशी उभी राहिली.

ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास कोरायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेण्यांत त्यांची गणना होते. तिथल्या लेखांत दात्यांची नावं आहेत, आणि त्यांतले बरेच पैठणचे आहेत. एक सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा गांधी आहे, एक मागिल नावाचा राजवैद्य आहे. राजाचं नाव शोधत बसणाऱ्याला इथे वैद्य आणि अत्तरवाला भेटतात, ही मला या लेण्यांची सर्वांत आवडती गोष्ट वाटते. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी इथला ढिगारा उपसला तेव्हा एक बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर दोन्ही हातांनी पात्र धरलेला, मनापासून हसणारा यक्ष सापडला. त्याच्या हातावर शिल्पकाराची ओळख कोरलेली आहे : कान्हदास, व्यवसायाने सोनार. सोन्यावर काम करणाऱ्या हाताने दगडातली ती मूर्ती घडवली, आणि दागिन्यांचे बारकावे बघितले की ते पटतं. आज ती मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इथे जागेवर राहिले आहेत ते हत्तींचे थर, द्वारपाल, आणि पाच फण्यांचा एक नाग.

त्या नागापाशी थोडं थांबायला हवं. वरच्या खडकातून झिरपणारं पाणी लेण्यांचा शत्रू. इथला दगड मुळातच ठिसूळ, आणि पितळखोऱ्याचे दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात कोसळले आहेत त्याचं हेही एक कारण. कोरणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी खडकात मागे पन्हळ काढून पाणी वळवलं आणि ते नागाच्या फण्यांमधल्या भोकांतून खाली सोडलं. पावसाळ्यात पाण्याच्या धारा नागाच्या तोंडातून पडत असणार. पाण्याची अडचण होती, तिचं त्यांनी शिल्प केलं. पाणलोटाच्या रेघेवर राहणाऱ्या माणसांनाच हे सुचू शकतं.

पाटणादेवीच्या बाजूने डोंगर चढून पितळखोऱ्याला जाणारी पायवाट जंगलातून जाते. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच ती करावी. ती केल्यावर कळतं, की आज गाडीने कन्नडकडून फेरा मारून जावी लागणारी ही जागा खालच्या वस्तीच्या किती जवळ आहे.

ती खालची वस्ती म्हणजे पाटण. आज पाटणे हे लहानसं गाव आहे, पण बाराव्या शतकात इथे भरलेली बाजारपेठ होती. खान्देशातल्या सोळाशे गावांवर निकुंभ घराण्याचं राज्य होतं आणि हे त्यांचं महत्त्वाचं ठाणं. जंगलाच्या कडेला महेश्वराचं दगडी मंदिर उभं आहे, लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. खरं तर ते हेमाद्री पंडिताच्या शंभरेक वर्षं आधीचं. तिथल्या लेखाचं वर्ष शके १०७५, म्हणजे इ. स. ११५३. इंद्रराज निकुंभाने मंदिराचं काम सुरू केलं, तो वारला, मुलगा गोवन लहान होता, म्हणून राणी श्रीदेवीने कारभार हाती घेतला, असा इतिहास त्या लेखातून निघतो. मंदिराच्या भिंतीवरची नक्षी बघायला वेळ द्यावा. गर्दी सगळी देवीकडे असते, इथे निवांतपणा मिळतो.

दुसरा लेख त्याहून मोलाचा आहे, आणि तो जगाच्या गणिताच्या इतिहासातला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांना पाटणच्या भवानीच्या पडक्या मंदिरात एक शिलालेख मिळाला, आणि १८६५ मध्ये त्यांनी तो विद्वानांसमोर ठेवला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. आधीचे पूर्वज, वडील महेश्वर, स्वतः भास्कर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. यादव राजा जैत्रपाल याने लक्ष्मीधराला या गावातून नेऊन आपल्याकडे पंडितांचा प्रमुख केलं, असं तो लेख सांगतो. चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ, विशेषतः सिद्धान्तशिरोमणी, शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि सोइदेव निकुंभ व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं. तारीख होती ९ ऑगस्ट १२०७, श्रावणी पौर्णिमा, आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. ग्रहणांचं गणित मांडणाऱ्या आजोबाच्या ग्रंथांसाठी दान मिळालं तेही ग्रहणाच्याच दिवशी.

भास्कराचार्य जन्मले शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ ला, आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. बीजगणितातलं एक उदाहरण असं : एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग आला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. सर्वांत लहान उत्तरात ती संख्या २२६१५३९८० येते आणि दुसऱ्या वर्गाचं मूळ १७६६३१९०४९. अंदाजाने हे कोणालाही सापडणार नाही. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने काही पायऱ्यांत काढून दाखवलं. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून घातला होता.

त्यांचं गाव कोणतं, यावर एकमत नाही. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड गावाचा उल्लेख केला आहे, आणि ते विजापूर, बीड की या परिसरातलं, याचा वाद जुना आहे. जळगाव जिल्ह्याचा अभिमान मी समजू शकतो, पण वाद जिंकण्याची गरज नाही. त्यांच्या मुलाला याच गावातून राजाने नेलं आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्याचा मठ इथे निघाला, हे दगडावर आहे. तेवढं पुष्कळ आहे.

या लेखात मला सर्वांत जिवंत वाटतो तो शेवटचा भाग. घराण्याचं आणि राजाचं कौतुक संस्कृत श्लोकांत आहे. पण मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगायची वेळ आली की लेख मराठीत उतरतो. बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला. तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल. कारण स्पष्ट आहे : श्लोक पंडितांसाठी होते, हा हिशोब तेल्याला आणि व्यापाऱ्याला कळायला हवा होता. ज्ञानेश्वरीच्या आधी ऐंशी-एक वर्षं खान्देशातल्या बाजाराची मराठी इथे कोरून ठेवली गेली आहे. आणि त्या मठात रात्री ग्रहगणित वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यात घाटाखालच्या घाण्याचं तेल जळत होतं. ती वाट नसती तर बाजार नसता, बाजार नसता तर मठही चालला नसता.

पुढच्या शतकांत पाटण ओसरलं आणि रानाने जागा परत घेतली. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला तेव्हा सातमाळ्याचे घाट भिल्लांच्या ताब्यात होते. डोंगरवाटांची राखण हा त्यांचा जुना हक्क, आणि नव्या राज्यकर्त्यांना तो मान्य नव्हता. काही वर्षं बळाचा वापर करून फसल्यावर १८२५ मध्ये सरकारने धोरण बदललं. कन्नडला भिल्ल एजन्सी बसली, आणि जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. कन्नड घाट म्हणजेच औट्रम घाट त्याच्या नावाचा, आणि अभयारण्याच्या नावातही तो आहे. इथे एक विसंगती आहे, ती नजरेआड करू नये. हा माणूस अट्टल शिकारी होता. खान्देशातल्या दहा वर्षांत त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास वाघ आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी हे डोंगर राखले त्या भिल्लांच्या एखाद्या नाईकाचं नाव या अभयारण्याला शोभलं असतं, असं मला वाटतं.

वाघ संपले, आणि बिबट्या, तरस, लांडगा, नीलगाय, चिंकारा, भेकर, रानडुक्कर एवढ्यांवर हे जंगल चाललं. मग मार्च २०२१ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्यात एक वाघ आला. पट्ट्यांची नक्षी जुळवून पाहिली तर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला निघाला. ३३० किलोमीटरहून अधिक चालून, शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो इथे पोहोचला होता. कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघ दिसला. वयात आलेला नर स्वतःचा मुलूख शोधत निघतो, आणि त्याला लपायला झाडी, खायला भक्ष्य, प्यायला पाणी मिळत गेलं तर तो चालत राहतो. अजिंठ्याची रांग ही अशी पूर्वेकडून आलेली वाट आहे, हे त्याने चालून सिद्ध केलं. पुढे कोणत्याही आराखड्यात या डोंगराचा तुकडा पाडण्याआधी तो वाघ आठवावा.

कारण या अभयारण्याच्या मधूनच सोलापूर-धुळे महामार्ग जातो. घाट अरुंद, वाहनं प्रचंड, आणि पावसाळ्यात दरडी. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर जड वाहनांना इथून बंदी झाली. डोंगराखालून बोगदा काढायची मागणी जुनी आहे. वाहतूक डोंगराच्या पोटातून गेली तर माथा प्राण्यांना मोकळा राहील, म्हणून मी बोगद्याच्या बाजूचा आहे. मात्र खोदकामाचा मलबा ओढ्यांत पडणार नाही, एवढी अट त्याला हवी.

जायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. पाणी असतं, रान हिरवं असतं आणि वाटा दिसतात. पण एकदा तरी चैत्रात, अंजनाच्या पालवीसाठी यावं. खाली महेश्वर मंदिर, मग देवी, मग परवानगी घेऊन पितळखोरा, असा क्रम ठेवला तर एका दिवसात तेराशेहून अधिक वर्षांचा इतिहास चढून होतो. दुसरा दिवस हाताशी असेल तर गिरणेकाठच्या बहाळला जा. ते याच तालुक्यात आहे. तिथल्या सारजादेवीच्या मंदिरात शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा लेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातल्या अनंतदेवाचा, आणि तोही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. पितळखोऱ्याचा यक्ष ज्यांनी उकरून काढला त्या म. न. देशपांडे यांनी बहाळलाही उत्खनन केलं होतं, आणि तिथल्या मातीत त्यांना ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली.